वाढणाऱ्याचा मान

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमाला जाणार, हे १९९१ साली आमच्या घरी नक्की झाले, तेव्हा खडेबाजारातल्या आमच्या कापडदुकानात संध्याकाळी टेकणाऱ्या मंडळींना आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. कुणी म्हणाले, नोकरी लगेच मिळते म्हणे. कुणी म्हणाले, बोटीवर गेला तर डॉलर मिळतात. पण वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांनी सगळ्यांच्या मनातले बोलून दाखवले, "अण्णा, एवढी फी भरून पोराला शेवटी लोकांची उष्टीच काढायला लावणार काय हो?" वडील कापडाची घडी घालत होते. ते एवढेच म्हणाले, "त्याची आई घरात रोज तेच करते की." मंडळी हसली आणि विषय तेवढ्यावर मिटला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. दुसऱ्याचे उष्टे काढण्यात कमीपणा आहे काय? नसेल, तर तो आपल्याला वाटतो कशामुळे? आणि आई करते तेव्हा जे कुणाच्या ध्यानातही येत नाही, तेच मुलगा पगार घेऊन करणार म्हटल्यावर चारचौघांना का खुपते? पुढची तीन वर्षे आणि त्यानंतरचा या धंद्यातला सारा काळ मी या प्रश्नाभोवतीच फिरत आलो आहे.

'उष्टे' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. इंग्रजीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. 'लेफ्टओव्हर' म्हणजे उरलेले. त्यात शिळेपणा आहे, विटाळ नाही. आमच्या शेजारच्या कन्नड घरांत मात्र 'एंजलु' आहे, आणि मराठी उष्ट्यात जी किळस व जी उतरंड भरली आहे ती सगळी त्या शब्दातही आहे. सीमेवर दोन भाषांनी पुष्कळ गोष्टींवरून वाद घातला असेल. या एका बाबतीत त्यांचे कधीच मतभेद नव्हते. उष्टे कुणी खायचे, कुणी काढायचे, कुणी त्याला शिवायचे नाही, यावर आपल्या समाजाची सारी रचना उभी होती. आईने मुलाचे उष्टे खाल्ले तर ती माया. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला तेच लादले गेले तर ती त्याची जात. तेव्हा दुकानातल्या त्या स्नेह्यांचा प्रश्न वरवर पाहता माझ्या नोकरीचा होता, पण त्याच्या मुळाशी पुष्कळ जुने काहीतरी होते.

संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या काळात अशा सगळ्याच संस्थांतली शिस्त थोड्याफार फरकाने सारखीच असे. सकाळी वर्गाबाहेर रांग लागायची. नखे, दाढी, बुटांची पॉलिश, पँटची इस्त्री. केस कॉलरला टेकता कामा नयेत. खिशात पेन, काडेपेटी आणि बाटली उघडायची चावी असलीच पाहिजे. यातले एक जरी चुकले तरी त्या दिवशी प्रात्यक्षिकाला प्रवेश नाही. मग डाव्या तळहातावर ट्रे, ट्रेवर काठोकाठ भरलेले ग्लास, आणि वर्गाभोवती फेऱ्या. चमचा आणि काटा एकाच हातात चिमट्यासारखे धरून वाढायला शिकताना आम्ही आधी वाटाणे उचलत असू. एक वाटाणा जमिनीवर पडला की पुन्हा पहिल्यापासून. पदार्थ वाढायचा तो पाहुण्याच्या डावीकडून, पाणी ओतायचे ते उजवीकडून, रिकामी प्लेट उचलायची तीही उजवीकडून. टेबलावरच्या शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कुणाचीही प्लेट उचलायची नाही, कारण एकट्यालाच जेवत बसावे लागले तर तो संकोचतो. उष्ट्या प्लेटा हातावर कशा रचायच्या, त्यांतले उरलेले एका प्लेटमध्ये आवाज न करता कसे सरकवायचे, आणि हे सारे पाहुण्याच्या नजरेआड कसे करायचे, याचाच आमचा एक संपूर्ण महिना गेला.

पहिले काही दिवस मुले मळमळून जात. मोठमोठ्या घरांतून आलेली होती. घरी पाण्याचा पेलाही हातात मिळालेला. पण महिन्याभरात एक नवल घडले. उष्ट्याची किळस गेली, आणि तिच्या जागी एक वेगळीच नजर आली. प्लेटमध्ये काय उरले आहे यावरून पाहुण्याला काय आवडले नाही ते कळू लागले. चमचा कसा ठेवला आहे यावरून अजून हवे आहे की पुरे, ते कळू लागले. माझ्या आईला हे सगळे कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय येत होते. सुटीत घरी आलो तेव्हा मी पहिल्यांदाच तिला वाढताना नीट पाहिले. वडिलांच्या पानातला भात संपायच्या आत तिचा हात पातेल्याकडे गेलेला असायचा. आपल्या भाषेत 'वाढणे' या एकाच शब्दाने अन्न देणेही सांगितले जाते आणि मोठे होणेही. तो शब्द मी जन्मापासून वापरत होतो.

म्हणून कडक शिस्तीविषयी मी आधी चांगलेच बोलेन. शिस्तीचा सर्वांत मोठा गुण असा, की ती समोरच्याची जात विचारत नाही. डावीकडून वाढायचे म्हणजे सगळ्यांनाच डावीकडून. आपल्या जुन्या पंगतीतही उत्तम नियम होते. सर्वांची जेवणे होईपर्यंत कुणी उठू नये, हा तर तोच नियम आहे. पण पंगत मुळात बसायची ती जातीजातीने. वाढपी कोण, पंगतीत कोण, दुसऱ्या पंगतीला कोण आणि अंगणात कोण, हे आधी ठरलेले. आतली सगळी मृदुता त्या कुंपणाच्या आतली होती. अनोळखी माणसाला, त्याचे कूळ न विचारता, तितक्याच अदबीने वाढणे ही माणसाच्या स्वभावातून आपोआप उगवणारी गोष्ट नाही. ती हाताला शिकवावी लागते. मन मागून येते, कधीकधी येतही नाही; पण निदान हात तरी भेदभाव करीत नाही.

याचा एक मोठा दाखला आपल्या बेळगावातच घडून गेला आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ या दिवशी इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षस्थान भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे स्वागताची सारी व्यवस्था पाहत होते. हजारो पाहुणे यायचे, त्यांचे पाणी, जेवण, झाडलोट कोण करणार? डॉ. ना. सु. हर्डीकरांनी आदल्याच वर्षी, १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी, हिंदुस्थानी सेवा दलाचा पाया घातला होता, आणि स्वयंसेवकांना कवायतीची शिस्त लावण्याचा त्यांना ध्यास होता. बेळगावात स्वयंसेवकांची ही शिस्त कसाला लागली. ज्या कामाला एरवी एका विशिष्ट जातीचीच माणसे बोलावली जात, ते सफाईचे काम या तरुणांनी अंगावर घेतले, आणि त्यांत बरेचसे ब्राह्मण होते. पाहुण्यांच्या सेवेचे कडक शिक्षण म्हणून मला आपल्या भागातले याहून मोठे उदाहरण ठाऊक नाही. तिथे पगार नव्हता, बक्षिसी नव्हती. पण माझ्या संस्थेत जे शिकवले तेच तिथेही शिकवले जात होते, की हे काम कुणाच्या जन्माला चिकटलेले नाही.

त्याच अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे तिला सारा देश गंगूबाई हनगल म्हणून ओळखू लागला. एवढ्या मोठ्या प्रसंगाची आठवण सांगताना गंगूबाईंनी म्हटले आहे, की आपल्या मनात तेव्हा एकच धास्ती होती. आपण खालच्या जातीच्या मानल्या जाणाऱ्या, तेव्हा जेवणे झाल्यावर जागा साफ करायला आपल्याला सांगतील की काय. गांधीजी समोर बसलेले, ब्राह्मण तरुण हातात झाडू घेऊन उभे, आणि तरीही त्या लहान मुलीच्या मनातली भीती गेलेली नव्हती. या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी ठेवून पाहतो. जो स्वेच्छेने झाडू उचलतो त्याला त्या कामाने मोठेपण येते. ज्याला ते काम नाकारण्याची सोयच नाही, त्याला त्याच कामाने धास्ती वाटते. काम तेच आहे. 'नाही' म्हणता येणे आणि न येणे, एवढाच फरक आहे, आणि सेवेच्या साऱ्या नीतीचा प्रश्न मला तिथेच दडलेला दिसतो.

आमच्या शिक्षणातही हा 'नाही' लवकरच आला. हातांना वळण लागल्यावर पाळी आली चेहऱ्याची. पाहुण्याला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नाही, असा दंडक होता. चूक कुणाचीही असो, क्षमा आपण मागायची. ओठांवर हसू हवेच, आणि ते हसू डोळ्यांपर्यंत पोचले पाहिजे. हे आम्हाला आरशासमोर उभे करून शिकवले गेले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिले, त्यात विमानातल्या सेविकांना हसण्याचे शिक्षण कसे दिले जाते याचा बारकाईने अभ्यास आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कारखान्यातला मजूर हात विकतो, पण या मुलींना आपल्या भावनाच विकाव्या लागतात, आणि कालांतराने आपले खरे हसू कोणते आणि पगाराचे कोणते हे त्यांचे त्यांनाच उमगेनासे होते.

याच्या बऱ्याच आधी, १९४३ साली, ज्याँ पॉल सार्त्रने आपल्या तत्त्वज्ञानाच्या मोठ्या ग्रंथात पॅरिसच्या एका कॅफेतल्या वेटरचे वर्णन केले. त्याची चाल जरा जास्तच चपळ, वाकणे जरा जास्तच अदबीचे. जणू तो वेटर होण्याचे नाटक करतो आहे. माणूस स्वतःचे स्वातंत्र्य विसरून एखाद्या भूमिकेत स्वतःला कसा कोंडून घेतो, याचे सार्त्रला ते उदाहरण वाटले. मोठ्या माणसाविषयी लहान तोंडी घास घेतो, पण मला वाटते, सार्त्र खुर्चीवर बसलेला होता. ट्रे त्याच्या हातात नव्हता. ट्रे हातात असलेल्याला हे नाटक पुष्कळदा आधार देते. गणवेश चढवला की पाहुण्याचा राग गणवेशावर पडतो, माझ्यावर नाही. रात्री तो खुंटीला टांगला की मी माझा उरतो. शिस्तीचा हा दुसरा गुण: ती सेवकाला एक चिलखत देते. हॉक्शिल्डबाईंना जी भीती वाटली ती खरी होते ती मालक जेव्हा चिलखतावर समाधान न मानता आतला माणूसही मागू लागतो तेव्हा. नम्रपणे बोल, ही आज्ञा समजू शकते. तुला मनापासून तसेच वाटले पाहिजे, ही आज्ञा देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रत्यक्ष अनुभवासाठी एका मोठ्या हॉटेलात पाठवले. माझ्याबरोबर निपाणीजवळच्या खेड्यातला, तंबाखूच्या शेतकरी घरातला एक मुलगा होता. एका रात्री एका पाहुण्याने त्याला चुटकी वाजवून बोलावले, आणि मागवलेला पदार्थ हा नव्हेच म्हणत प्लेट अशी ढकलली की रस्सा मुलाच्या गणवेशावर उडाला. पदार्थ मागवल्याप्रमाणेच होता. कागदावर तसे लिहिलेले होते. व्यवस्थापक आले, आणि त्यांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर तीन वेळा माफी मागायला लावली. तिसऱ्या वेळी, 'हसून' असे बजावले. तो हसला. मग उष्ट्या प्लेटा घेऊन आत गेला. आत भांडी घासायला एक साठीचे गृहस्थ होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांना एक ग्लास द्यायला उशीर झाला, आणि माझा तो शांत, गरीब स्वभावाचा मित्र त्यांच्यावर असा काही ओरडला की स्वयंपाकघर गप्प झाले. जे शब्द त्याने बाहेर गिळले होते ते सगळे त्याने आत मामांवर टाकले. मामांनी मान खाली घातली आणि ग्लास पुसून दिला. मामांनी आपल्या वाट्याचे घरी जाऊन कुणावर टाकले असेल, ते मला ठाऊक नाही.

त्या रात्री मला कळले की अपमान पाण्यासारखा असतो. तो खालच्या अंगाला वाहतो. गिळायला लावलेला शब्द पोटात जिरत नाही, आणि पुढचा दुबळा माणूस दिसेपर्यंतच थांबतो. ज्या शिस्तीत वरच्यांना सौजन्य आणि खालच्यांना शिव्या असतात, तिला शिस्त म्हणायला मी तयार नाही. तिथे जुनी उतरंडच नवा कोट घालून आलेली असते.

याच संस्थेत आमचे एक सर होते. सगळ्यांत कडक तेच. एकदा एका मुलाच्या हातून काचेचा जग फुटला. आम्ही सारे श्वास रोखून उभे. सर आले, खाली बसले, आणि त्यांनी त्या मुलाला दूर करून काचा स्वतः उचलल्या. मग उठून म्हणाले, "आता तू पुन्हा जग भर आणि फेरी पूर्ण कर." ना आवाज चढला, ना सूट मिळाली. दोघेही कडकच होते, पण सर जो नियम आम्हाला लावत तो स्वतःलाही लावत. होर्स्ट शुल्त्से हे पुढे रिट्झ-कार्लटन हॉटेलांचे प्रमुख झाले, ते जर्मनीत चौदाव्या वर्षी एका हॉटेलात हरकाम्या म्हणून लागले होते. तिथल्या मुख्य वाढप्याची ऐट आणि अदब पाहून त्यांनी शाळेसाठी निबंध लिहिला, आणि त्यातला विचार पुढे त्या कंपनीचे ब्रीद झाला: आम्ही सभ्य माणसे, सभ्य माणसांची सेवा करतो. वाढणारा आणि जेवणारा, दोघांनाही तिथे एकच विशेषण आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर हल्ला झाला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी जे केले ते सर्वांना माहीत आहे. मागच्या दाराने निघून जाता येत असताना ते थांबले, पाहुण्यांना वाट काढून दिली, आणि त्यांतले अकरा जण गेले. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ साली या वर्तनाचा शोध घेणारा लेख लिहिला. त्यात एक गोष्ट अशी, की ही मुले मोठ्या शहरांतून न निवडता लहान गावांतून निवडली जात, आणि त्यांचे शिक्षण इतर हॉटेलांत बारा महिन्यांचे असते तिथे इथे अठरा महिन्यांचे असे. निवडताना तीन गोष्टी पाहत: वडीलधाऱ्यांविषयी आदर, आनंदी वृत्ती, आणि घराला पगाराची किती गरज आहे ते.

या तिसऱ्या कसोटीपाशी मी नेहमी अडखळतो. गरजू मुलगा निष्ठेने काम करतो हे खरेच आहे. आमच्या निपाणीच्या मित्राने त्या रात्री तीनदा माफी मागितली तीही गरजेपोटीच. म्हणजे ज्या गरजेतून मोठी निष्ठा येते, त्याच गरजेमुळे मुलाला 'नाही' म्हणता येत नाही. मग ताजच्या त्या रात्रीचा अर्थ काय लावायचा? मला वाटते, तिथे गरज फार मागे राहिली होती. जिवापेक्षा पगार मोठा कुणालाच नसतो. त्या रात्री कुणी कुणाला हुकूम दिला म्हणून ती माणसे थांबली नाहीत. जायला मोकळी असताना थांबली. शिक्षणाने त्यांच्या हातांना वळण दिले होते, पण थांबण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. म्हणूनच आपण त्यांच्यापुढे मान लववतो.

आता आपल्या घरचा, म्हणजे भाषेचा प्रश्न. आम्हाला पाहुण्याशी इंग्रजीतच बोलण्याची सक्ती होती. त्या हॉटेलात एकदा गोकाककडचे एक वयस्क जोडपे आले. मुलाने हौसेने आणलेले. मुलगा फोन करायला बाहेर गेला, आणि दोघे त्या काट्या-चमच्यांकडे पाहत अवघडून बसले. मी जवळ जाऊन हळूच विचारले, "अज्जा, एन तरलि?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. माझे कन्नड दोन वाक्ये ऐकून त्यांनी विचारले, "यावूर, तम्मा?" मी बेळगाव म्हणताच आजोबा स्वच्छ मराठीत म्हणाले, "मग मराठीत बोल की रे." आणि मग ते मराठीत व मी कन्नडमध्ये, असे आमचे जेवण होईपर्यंत चालले. माझे वडील दुकानात आयुष्यभर हेच करीत आले होते. बैलहोंगलचे गिऱ्हाईक आले की "बर्री, कुंडरी", चंदगडचे आले की "या पाव्हणं, बसा".

काही वाचकांना हे पटणार नाही, आणि त्यांचा राग मला कळतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागाने काय सोसले ते ज्याच्या त्याच्या घरात ठाऊक आहे. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा ही मागणी हक्काची आहे, आणि ती सोडण्याचे कारण नाही. पण कचेरीची खिडकी आणि जेवणाचे ताट या दोन वेगळ्या जागा आहेत. कचेरीत मी नागरिक असतो. तिथे भाषा हा माझा अधिकार. ताटावर समोरचा माझा पाहुणा असतो; तिथे त्याची भाषा हे माझे वाढणे. मी आपण होऊन त्याच्या भाषेत बोललो तर मी काही गमावत नाही. पण कुणी दुकानात शिरून 'आमच्याच भाषेत बोल' म्हणून दटावले, मग तो दटावणारा बेळगावात असो की मुंबईत, तर त्या क्षणी माझ्या तोंडून निघालेला शब्द त्या हसून मागितलेल्या तिसऱ्या माफीसारखाच असतो. कायद्याने पाटीवरची अक्षरे मोजता येतात. २०२४ साली कर्नाटकाने पाट्यांची ६० टक्के जागा कन्नडला ठरवून दिली. पाटीच्या आत जे स्वागत होते त्याचे माप कोणत्याही सरकारला ठरवता येणार नाही. आजोबा मला 'मराठीत बोल' म्हणाले, कारण मी कन्नड बोललो होतो ते त्यांनी मागितले नव्हते म्हणून.

म्हणजे गोष्ट फिरून पाहुण्यापाशी येते. आम्हाला तीन वर्षे सेवा शिकवली. पाहुणा कसा असावा हे त्याला कोण शिकवणार? या बाबतीत आपल्या शेजारच्या कोल्हापुराने एक धडा घालून दिलेला आहे. गंगाराम कांबळे हे अस्पृश्य समाजातले गृहस्थ शाहू महाराजांच्या पदरी चाकरीला होते. पाण्याला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले, आणि गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल घातले. पाटी पाहून लोक येईनात. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवू लागले. गंगारामांकडून चहा मागवून स्वतः पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. महाराजांनी तिथे भाषण केले नाही. ते फक्त चांगले पाहुणे झाले. घेणाऱ्याने नीट घेतल्याशिवाय देणाऱ्याला मान मिळत नाही, हे एका राजाने कपबशी हातात धरून दाखवले.

अतिथीला देव मानावे हे वचन आज पर्यटन खात्याच्या जाहिरातीपासून हॉटेलच्या पायपुसण्यापर्यंत सगळीकडे दिसते. ते मूळ कुठे आहे? तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अभ्यास संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात त्यात. म्हणजे ते एका विद्यार्थ्यालाच सांगितलेले आहे. पण तिथे अतिथी चौथा आहे. आधी आई, मग वडील, मग आचार्य, आणि नंतर अतिथी. त्याच उपदेशात पुढे दान कसे द्यावे तेही सांगितले आहे: श्रद्धेने द्यावे, आणि श्रद्धा नसेल तर देऊ नये. जाहिरातीत हा भाग येत नाही.

आपल्या पुंडलिकाने हा क्रम तंतोतंत पाळला. तो आईवडिलांची सेवा करीत होता, आणि दारात साक्षात देव पाहुणा म्हणून उभा राहिला. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे पुंडलिक नापासच झाला असता, कारण त्याने पाहुण्याला ताटकळत ठेवले. त्याने उभे राहायला एक वीट दिली आणि हातातले काम संपेपर्यंत थांबायला सांगितले. त्याने देवाला हाकलले नाही, की हातातली सेवा टाकून लोटांगणही घातले नाही. आणि देवही असा, की तो रागावला नाही, तक्रार केली नाही. कमरेवर हात ठेवून थांबला. ज्याला मराठी संतांनी लाडाने कानडा म्हटले, त्या विठ्ठलाकडे मी सीमाभागातला माणूस म्हणून पाहतो तेव्हा मला तो सर्वांत शहाणा पाहुणा वाटतो. वाढणाऱ्याला त्याचीही आईवडील आहेत, हे त्याने ओळखले.

पुढे मी बेळगावात परतलो आणि एक साधे भोजनालय काढले. आज माझ्याकडे खानापूरची, हुबळीकडची, ओडिशातली मुले काम करतात. त्यांची नखे मी रोज तपासतो. ट्रे, चमचे, डावे-उजवे, सगळे कडकपणे शिकवतो. त्यात सूट नाही. पण तीन गोष्टी मी भिंतीवर न लिहिता पाळतो. मुलाची चूक नसेल तर त्याला माफी मागायला लावायची नाही; पाहुण्याशी मी बोलेन. भांडी घासणाऱ्यांशी कुणी आवाज चढवला तर त्याने त्या दिवशी स्वतः भांडी घासायची, आणि हा नियम मलाही लागू आहे. आणि पाळीपाळीने प्रत्येकाने दिवाळीत एक दिवस तरी घरी जायचे, मग त्या दिवशी एखादे टेबल बंद ठेवावे लागले तरी चालेल.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघरी फराळाची ताटे फिरत असतील. घरात कुणी ती भरत असेल आणि कुणी उष्टी ताटे उचलत असेल. बाहेर जेवायला गेलात तर कुणाचा तरी मुलगा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुमच्यापुढे ट्रे घेऊन उभा असेल; घरीच मागवलेत तर कुणी तरी जिना चढून दारात येईल आणि तुमच्या फोनवर त्याला किती तारे द्यायचे असे विचारले जाईल. तारे जरूर द्या. त्याआधी त्याचे नाव विचारा, तो कुठला ते विचारा, आणि त्याला घाई नसेल तर पाणी विचारा. त्याची भाषा येत असेल तर त्या भाषेत.